कलम अकरा

त्या वर्षीचा करार झाला तेव्हा
गेटवर पेढे मीच वाटले.
हलवायाच्या बिलावर युनियनचा शिक्का,
पिशवी मात्र घरची, दळणाची,
म्हणून पेढ्यांना जरा पीठ लागलं होतं.
टेकवडे डोळ्यांतला गुलाल चोळत ओरडत होता,
अरे, साडेतीन हजार! आणि फरक मागच्या एप्रिलपासून!

त्या फरकात इंद्रायणीनगरची ही खोली झाली.
अजून तीच आहे.

सव्वीस कलमं होती.
वेतनवाढ, कँटीनचं ताट, वर्षाला बुटांचे दोन जोड.
अकरावं अडीच ओळींचं:
आवश्यकतेनुसार ठेकेदारामार्फत मनुष्यबळ घेण्याची
व्यवस्थापनास मुभा राहील.
लोंढेनं विचारलं, हे काय?
मी म्हणालो, झाडलोटीचं असेल. बागेचं.
वकीलसाहेब घड्याळ बघत होते.
मी सही केली.
मॅनेजरचं पेन उठेना, तर त्यालाही माझंच दिलं.

आता मोनाली पहाटे पाच चाळीसला जिना उतरते.
कंपनी तीच, फक्त नदी ओलांडून चाकणला गेलेली.
हिच्या ओळखपत्राची दोरी पिवळी,
पर्मनंटची निळी.
ताट तेच, मी भांडून मिळवलेलं,
पण पिवळ्यांची सुट्टी अर्ध्या तासानं,
तोवर दही संपतं.
सात महिने झाले की ब्रेक.
मग नवा ठेकेदार, नवा नंबर,
वायरिंगचा तोच बोर्ड, तीच खुर्ची, तिचा एक पाय आखूड.
शेजारच्या घुलेबाई निळ्या दोरीच्या.
त्याच वायरी, त्याच गाठी, पगार तिप्पट.
मोनाली त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही.
त्या लोणचं देतात.

शिमग्याच्या आसपास तिनं माळ्यावरची फाईल काढली.
उभ्यानंच वाचली.
अडीच ओळींखाली नख ठेवून म्हणाली,
बाबा, ही मी आहे ना?

मी पुष्कळ बोललो.
तेव्हाची मंदी, शेजारच्या दोन कंपन्यांना लागलेली टाळी,
एकाहत्तर दिवसांचा संप,
तिच्या आईनं मोडलेली बोरमाळ.
सगळं खरं होतं.
तरी माझाच आवाज मला
टेबलाच्या पलीकडून येतोय असं वाटलं.

ती म्हणाली, सात सह्या लागतात ना?

रविवारी मुली आल्या, दोन पोरं आली.
चपला बाहेर ठेवल्या नाहीत,
दारातले जोड कुणी मोजू नयेत म्हणून
आत, मोरीपाशी.
एक पोरगा सारखा खिडकीतून खाली बघत होता,
त्याचं लग्न ठरलंय.
सहा नावं झाली. पेन दिवाणावर पडून राहिलं.
कुणी कुणाकडे बघेना.
कुकरची शिट्टी झाली तेव्हा दोघं दचकले.

मग सस्मितानं ते उचललं.
बालासोरची पोरगी, लाईनवर कुणाशी बोलत नाही म्हणे.
तिनं नाव लिहिलं तिच्या लिपीत,
गोल गोल, ताटात बुंदी सांडावी तसं.
आमच्यात कुणालाच वाचता येईना.
मोनालीनं पुढे सात आकडा घातला.

मला राहवेना. म्हटलं, पेढे आणू?
नको, मोनाली म्हणाली.
आधी वाचून दाखवा. घटना, नियम, वर्गणी, सगळं.
एकेक ओळ.

मी चष्मा पुसला. सुरुवात केली.
पहिल्याच ओळीला सस्मितानं हात वर केला,
इसका मतलब?

मी थांबलो. पुन्हा पहिल्यापासून, हिंदीत, अडखळत.
घड्याळ माझ्या पाठीमागे होतं.